श्रावणातलं अकरावं पिंप

मराठी मंडळाच्या गणपतीत माझी ओळख करून द्यायची वेळ आली की निवेदक हमखास अडखळतो. "हे बँकेच्या आयटीत आहेत, ह्या लायडनच्या सायन्स पार्कमध्ये रिसर्च करतात, आणि ह्या सुनंदाताई... ह्या फूड टेस्टिंगमध्ये आहेत." बाप्पासमोर 'दारू' म्हणायचं कसं, ही त्याची अडचण मला समजते. आरती संपली की पुण्याचा एखादा तरुण मोदकाची वाटी घेऊन शेजारी येतो आणि हळूच विचारतो, "ताई, तुम्हाला डिस्काउंट मिळतं का हो?"

मिळत नाही. शिवाय मी पीत नाही. पहिल्यापेक्षा हे दुसरं ऐकून त्याचा चेहरा जास्त पडतो.

रॉटरडॅमला खेटून स्खीडाम नावाचं गाव आहे, जुन्या दारूभट्ट्यांचं आणि उंच पवनचक्क्यांचं. तिथल्या एका छोट्या कंपनीत मी बरीच वर्षं नाकावर पोट भरते आहे. आम्ही अमेरिकेतून बर्बन व्हिस्की लाकडी पिंपांतून आणतो, तिची पारख करतो, चांगली ठरलेली पिंपं एका मोठ्या टाकीत एकत्र ओततो आणि बाटल्या भरतो. ओतण्याआधी माझा होकार लागतो. एकदा ओतलं की वेगळं काढता येत नाही. दुधाच्या पातेल्यात लिंबाचा थेंब पडला तर पातेलंच जातं, तसं एक नासकं पिंप सगळी टाकी घालवतं. त्यामुळे 'हो' म्हटलं की पुढचे कितीतरी दिवस मी माझ्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासत असते. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की तुला पगार नाकाचा मिळत नाही, काळजीचा मिळतो.

बर्बन म्हणजे काय, हे न पिणाऱ्यांसाठी सांगते. पिणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसतं. अर्ध्याहून जास्त मका हवा, आणि ती मुरवायची ओकच्या कोऱ्या पिंपात. त्या पिंपाला आतून चक्क आग लावून कोळसा होईस्तोवर भाजलेलं असतं. रंग, गोडवा, वास, बरंचसं त्या भाजलेल्या लाकडातून येतं. वरून पाण्याशिवाय काही घालायची मुभा नाही. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात आकसून बाहेर येते, आणि येताना लाकडातलं काहीतरी घेऊन येते. केंटकीकडची जुनी घराणी आपलं यीस्ट आपल्याकडे विरजण जपतात तसं जपत. गाव सोडलं तर ते बरोबर नेत. आदल्या भट्टीतलं उरलेलं आंबट पाणीही पुढच्या आंबवणात घालतात, म्हणजे कालची चव आजच्याला धरून राहते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला परकं असं काही वाटलंच नव्हतं.

परकी होती ती वर्णनाची भाषा. नोकरीच्या सुरुवातीला विमनं माझ्यापुढे शब्दांचा तक्ता ठेवला. विम हा माझा डच सहकारी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, सहा फूट चार इंच, आणि दुपारी ब्रेडवर चॉकलेटचा चुरा घालून खाणारा. तक्त्यात होतं व्हॅनिला, कॅरमेल, चामडं, सीडार. व्हॅनिला मला माहीत होतं ते आइस्क्रीमपुरतं. मी डोळे मिटून ग्लास हुंगला आणि माझ्या मनात आली काकवी. मग कोळशावर भाजलेलं कणीस. मग सुकं खोबरं, लवंग, आणि शेवटी जिभेच्या कडेला पानातल्या काताचा तुरटपणा. मी भीत भीत तेच सांगितलं. काकवी म्हणजे काय ते समजावताना विम म्हणाला, "म्हणजे आमचं स्ट्रोप." इथे बिटाचा काळा पाक पॅनकेकवर ओततात, तो. तेव्हापासून आमच्या दोघांच्या बोलण्यात बर्बनची निम्मी चव माझ्या सांगलीची आणि निम्मी हॉलंडची असते.

ह्या कामाचे नियम जाचक असतात. अत्तर नाही, वासाचा साबण नाही. सकाळी घरात फोडणी पडली तर कोट बाल्कनीत टांगलेला असला पाहिजे, नाहीतर हिंग माझ्याबरोबर ट्रेननं स्खीडामला येतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणी हातावर अत्तर लावायला आलं की मी हात मागे घेते. नव्या मुलींना वाटतं, ह्यांना भारी गर्व. चव घेतली की थुंकायची, हा तर पहिला नियम. आमच्याकडे त्यासाठी बादली असते. बहुतेक चाखणारे अधूनमधून एखादा घोट गिळतात, कारण चवीचं शेपूट घशाखाली गेल्यावरच कळतं. मी कधीच गिळत नव्हते. आणि श्रावणात तर ओठालाही लावत नव्हते.

श्रावणाचं विमला सांगितलं तेव्हा त्यानं धर्माचं काही विचारलं नाही. "कधी असतो?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, साधारण ऑगस्ट. तो म्हणाला, "छान, तेव्हा निम्मा देश सुट्टीवर असतो." मग ठरलं की श्रावणात मी फक्त हुंगायचं आणि विमनं तोंडात घ्यायचं. हे अनेक वर्षं सुरळीत चाललं. एका वर्षी अधिक श्रावण आला आणि महिना दुप्पट झाला, तेव्हा मात्र तो कॅलेंडर घेऊन माझ्यापुढे बसला होता. "सुनांडा, तुमच्या चंद्राला कुणी विचारत नाही का?"

खरं कारण मी त्याला सांगितलं नव्हतं. इथे लिहिते. माझे वडील, अण्णा, आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ऑपरेटर होते. पीत होते. कसे आणि किती ते लिहीत नाही, ज्यांच्या घरी होतं त्यांना सांगायला नको आणि ज्यांच्या घरी नव्हतं त्यांना सांगून उपयोग नाही. पण श्रावण पाळायचे. त्या महिन्यात संध्याकाळी ते कॉटवर बसून आमच्याबरोबर शेंगा फोडायचे आणि दाणे आम्हाला द्यायचे. आई चूल फुंकताना गुणगुणायची. मग एका श्रावणात, मध्येच, त्यांनी घेतली. त्यानंतर आमच्या घरी श्रावण आलाच नाही. मी बारावीला असताना ते गेले.

मी मद्यार्काचं शिक्षण घ्यायचं म्हटलं तेव्हा भावकी आईला बोलली. आई त्यांना म्हणाली, "त्या दारूनं आजवर आमचं खाल्लं. आता तिला आमच्या पोरीला पोसू दे." मी शिकले, कारखान्याच्या लॅबमध्ये काम केलं, लग्न होऊन इथे आले, पण एक भीती बरोबर घेऊन आले. अण्णांमध्ये जे होतं ते माझ्यातही असलं तर? ते झोपलेलं असेल आणि एका घोटानं जागं होणार असेल तर? ही भीती हास्यास्पद आहे असं मला शंभरदा वाटलं आहे. तिच्यामुळे माझं थुंकणं मात्र कधी चुकलं नाही.

तर अर्लचं येणं नेमकं श्रावणात ठरलं.

अर्ल हा केंटकीचा म्हातारा. घरची लहानशी भट्टी, आजोबांपासून चालत आलेली. मुलं दुसऱ्या धंद्यात गेली, अर्लची कंबर गेली, भट्टी बंद झाली. शेवटच्या दिवशी भरलेली अठरा पिंपं त्यानं विकली नव्हती. ती मुरू दिली आणि मग आमच्याकडे पाठवली, कारण आमच्या मालकाशी त्याची जुनी ओळख होती. अठराही एकत्र करून एकच शेवटची बर्बन भरायची आणि त्यावर घराण्याचं नाव घालायचं, एवढीच त्याची अट. डॉक्टरांनी त्याला सप्टेंबरपासून प्रवास करायला मनाई केली होती, म्हणून तो ऑगस्टमध्येच आला. उंच, वाकलेला, डोक्यावरची टोपी दारातच काढून हातात धरणारा माणूस. मला पहिल्या क्षणापासून 'मॅडम' म्हणत होता.

पिंपं गोदामात ओळीनं मांडली होती. अर्ल एकेकावर हात ठेवत चालला आणि अकराव्यापाशी थांबला. त्याच्या झाकणावर खडूनं काहीतरी लिहिलेलं होतं, पुसट झालेलं.

"रूथ," तो म्हणाला. "माझी बायको. ह्याचं बूच तिनं ठोकलं होतं. म्हणाली, सगळी तूच ठोकणार का? दुसऱ्या वर्षी गेली."

त्या दिवशी सोमवार होता. श्रावणी सोमवार. उपास असला की माझं नाक चांगलं चालतं. नमुने पाणी घालून पातळ केले, ग्लासांवर काचेच्या झाकण्या ठेवल्या आणि मी हुंगायला बसले. सुंदर माल होता. काकवी, खोबरं, जायफळ, मागून भाजलेला मका. दहा झाले. अकरावा उचलला, आणि काहीच वाईट नव्हतं.

काहीच वाईट नव्हतं, तरी मी तो ग्लास खाली ठेवू शकले नाही. सगळं होतं तिथे, पण गप्प होतं. लग्नघरात शिरावं आणि सगळे आपल्याला पाहून बोलायचे थांबावेत, तसं.

इथे थोडं समजावून सांगते. लाकडाला कधी एक बुरशीचा दोष लागतो. जास्त असला तर ओल्या गोणपाटाचा वास येतो, तो कुणीही ओळखेल. पण अगदी कमी असला तर तो स्वतः दिसत नाही, फक्त बाकीच्या वासांचा गळा दाबतो. आणि आपलं नाक त्याला पटकन सरावतं. दुसऱ्यांदा हुंगलं की वाटतं, छे, ठीक तर आहे. मी पाच मिनिटं अंगणात जाऊन आले, स्वतःच्या बाहीचा वास घेतला, परत हुंगलं. ठीक होतं. पुन्हा बाहेर गेले. परत आले. गप्प होतं.

"विम, अकरा."

विमनं तोंडात घेतलं, घोळवलं, थुंकलं. "चांगलं आहे. थोडं लाजरं आहे."

"लाजरं की मुकं?"

त्यानं पुन्हा घेतलं. "सुनांडा, मला लाजरं वाटतंय. पण तुझं नाक माझ्यापेक्षा बरं आहे. लॅबला पाठवू?"

पाठवलं. पण लॅबचा निकाल पुढच्या आठवड्यात येणार होता, टाकी दुसऱ्या दिवशी भरायची होती आणि अर्ल परवा परतणार होता. संशय आहे तर बाजूला ठेवा, हे सांगायला सोपं होतं. एरवी मी तेच केलं असतं. पण माझा संशय खोटा निघाला तर मी त्याच्या बायकोचं पिंप, त्याच्या घराण्याच्या शेवटच्या दिवशीचं, नुसत्या वहिमावरून बाहेर काढलं असतं. आणि खरा असून मी ओतू दिलं असतं, तर सगळीच्या सगळी मुकी झाली असती. मी अर्लकडे गेले. म्हटलं, तुम्हीच एकदा हुंगा. तुमची आहे, तुमच्याइतकी कुणाला माहीत असणार?

त्यानं ग्लास घेतला, नाकाशी नेला, बराच वेळ धरला. मग परत दिला.

"मॅडम, मला तीन वर्षांपूर्वी ताप आला होता. त्यानंतर मला कशाचाच वास येत नाही. कॉफीचाही नाही. मुलांना सांगितलेलं नाही." तो टोपी फिरवत होता. "तुम्ही म्हणाल ते."

असं कुणी म्हटलं की मला पळून जावंसं वाटतं. मी स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. मला काय करायला हवं ते कळलं होतं, त्याचीच धास्ती होती. नाक सरावलं होतं, जीभ विमची होती आणि तीही सरावली होती. दोष सापडायचाच तर तो गिळल्यानंतर सापडणार होता, घशामागून श्वास वर येतो तेव्हा. तिथे लपायला जागा नसते. हे मी शिकाऊ मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले होते. स्वतः मात्र एकदाही केलं नव्हतं.

आईला फोन करावा असं वाटलं. काय विचारणार होते? सोमवार मोडू का? ऐंशी वर्षांच्या बाईवर हे टाकायचं नव्हतं. मी परत गेले आणि विमला म्हटलं, "आज मी घेते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ऑगस्ट आहे."

"माहीत आहे."

तो उठला आणि बादली माझ्याजवळ सरकवली. मी ती पायानं बाजूला केली. तो खुर्चीत बसला नाही, उभाच राहिला.

आधी चौथं घेतलं, कारण ते निःसंशय चांगलं होतं आणि तुलनेला काहीतरी हवं होतं. लहानसा घोट. घोळवला. वर्षांच्या सवयीनं मान बादलीकडे वळली. मग गिळला. छातीतून ऊब खाली गेली आणि नंतर, मी श्वास सोडला तेव्हा, सगळं परत वर आलं. पाक उतरवताना कढईच्या कडेला जळतो तो गूळ, मक्याच्या सालीचा धूर, लवंग. ते थांबेना. मी थांबायची वाट पाहत होते आणि ते हळूहळू गोड होत राहिलं. कितीतरी वर्षं मी ह्या गोष्टीचं वर्णन करत आले होते आणि तिचा शेवट मला माहीत नव्हता.

पाणी प्यायले. भाकरीसारखा कोरडा ब्रेड चावला. थांबले. मग अकरावं.

सुरुवात तीच. ऊब तीच. श्वास सोडला, गूळ वर आला, आणि मध्येच लाइट गेली. काही नाही. आणि त्या अंधारात, अगदी मागून, ओलं गोणपाट.

"बुरशी," मी म्हटलं. आता शंका राहिली नव्हती. पुढच्या आठवड्यात लॅबनंही तेच सांगितलं.

अर्लला सांगायला मीच गेले. तो गोदामात पिंपाशेजारी खुर्ची टाकून बसला होता. मी सरळ सांगितलं की अकरावं घालता येणार नाही, लाकूड सडकं निघालं, तुमचा किंवा रूथचा दोष नाही. त्यानं मान हलवली. पिंपावरच्या खडूच्या अक्षरांना बोट लागू न देता त्यानं शेजारी हात टेकला.

"बाकी सतरा?"

"उत्तम आहेत."

"मग ठीक झालं. दुसऱ्यांचं बिघडवलेलं रूथला चाललं नसतं." थोडं थांबून तो म्हणाला, "कशी लागते हो, बाकीची? मला विसरायला झालंय."

मी त्याच्याशेजारी रिकाम्या खोक्यावर बसले आणि सांगितलं. तक्त्यातले शब्द मनात आलेच नाहीत. आमच्याकडे उसाचा रस मोठ्या कढईत आटवतात, तिथून सुरू केलं. गुऱ्हाळ काय असतं ते त्याला ठाऊक नव्हतं, पण रस आटताना वास बदलत जातो हे त्याला बरोब्बर कळलं. त्याची आईही गोड ज्वारीच्या ताटांचा रस असाच आटवून पाक करायची म्हणे. तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर त्यानं विचारलं, "तुम्हाला आवडली?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. चांगली आहे का, विकेल का, दोष आहे का, एवढंच विचारतात.

"आवडली," मी म्हटलं.

आणि मग मला खरी भीती वाटली. लायडनला घरी परतताना ट्रेनमध्ये मी खिडकीशी बसून स्वतःवर पहारा ठेवला. तोंडात अजून गूळ होता. आणखी हवीशी वाटते का? बहुतेक नाही. की वाटते? स्टेशनवर सायकलचं कुलूप काढताना किल्ली दोनदा खाली पडली. स्टेशनजवळच्या दारूच्या दुकानाच्या खिडकीतल्या बाटल्यांकडे मी मुद्दाम पाहिलं, आणि मुद्दाम पाहिलं म्हणून पुन्हा घाबरले. घरी मिलिंदनं वरणभाताचा कुकर लावून ठेवला होता. "उपास सोडणार ना?" त्यानं विचारलं. मोडलेला सोडायचा कसा, मला सुचेना.

आईला फोन लावला. तिकडे तिचं जेवण होऊन ती पडली होती. मी सगळं सांगितलं. पिंपाचं, म्हाताऱ्याचं, रूथचं. आई 'व्हय, व्हय' करत ऐकत होती.

"आणि आई, मी गिळली. सोमवार असून."

"म्हाताऱ्याचा माल वाचला न्हवं?"

"वाचला."

"मग महादेवाचं मी बघून घीन. त्येचं काय एवढं."

"तेवढंच नाही." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला आवडली, आई. फार आवडली."

मग तिनं सावकाश, अण्णा गेल्यापासून कधीच बोलली नव्हती तशा आवाजात सांगितलं.

"अण्णांनाबी आवडायची पयल्यांदा. दोस्तांत बसून चव सांगायचे, ह्या टाकीची अशी न् त्या टाकीची तशी. मागनं मागनं काय बी सांगंनात. शेवटच्या वर्षात मी एकदा इच्यारलं, अवो, एवढी ग्वाड लागती व्हय? तर म्हणले, न्हाई गं, आता कशी लागती त्ये मला कळतच न्हाई." ती थांबली. "तुला कळतंय न्हवं अजून?"

"कळतंय."

"मग सांग मला, कशी लागती. मी कुणाला कधी नीट इच्यारलंच न्हाई."